जुन्नरच्या व्यापाऱ्यांकडे होतं, ते आपल्याकडे का नाही?

कालच्या व्हिडिओत उधारीवर बोललो. एकाने विचारलं, "सर, गेममध्ये, सिरीजमध्ये व्यापाऱ्यांची श्रीमंत शहरं दाखवतात, तशी खरंच असतात का?"

असतात. एक तर आपल्याच पुणे जिल्ह्यात होतं. जुन्नर! तिथे राज्य सातवाहनांचं, पण बाजार व्यापाऱ्यांचा. कल्याण बंदरातला माल नाणेघाट चढून वर यायचा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आजही आहे, लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे परदेशी लोकांनी दिलेल्या दानाचेही लेख आहेत.

पण माझं मत ऐका. ते शहर घाटामुळे मोठं झालं हे अर्धंच खरं. रस्ता तर आपल्या दारातही आहे. भांडगावातून पुणे-सोलापूर हायवे जातो, दिवसरात्र गाड्या पळतात. म्हणून आपण श्रीमंत झालो का?

त्यांच्याकडे श्रेणी होती. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं. एकट्या शेटने नाही, सगळ्यांनी मिळून.

त्याहून भारी उदाहरण नाशिकचं. सुमारे १९०० वर्षांपूर्वी नहपान राजाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण ठेवले. कुठे? विणकरांच्या दोन श्रेणींकडे! २००० दरमहा शेकडा एकने, १००० शेकडा पाऊणने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज. २००० चे वर्षाला २४० झाले, त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला, फळ्यावर नोंदवला आणि लेण्याच्या भिंतीवर कोरला.

विचार करा. राजाचा जावई विणकरांकडे पैसे ठेवतो. तुमच्या गल्लीतला दुकानदार तुमच्याकडे ठेवेल का?

मी स्वतः एका भिशीत पैसे घालवलेत. बारा जण होतो. वही एकाच्या घरी, हिशोब त्याच्या डोक्यात. विचारायचं कसं, संबंध बिघडतील म्हणून कोणी तोंड उघडलं नाही. सातव्या महिन्यात पैसेही गेले आणि संबंधही. चूक त्याची होतीच, पण न विचारणाऱ्या आम्हा अकरा जणांचीही होती.

काही जण म्हणतील, एकी केली की दुकानदार भाव बांधून गिऱ्हाईक कापतात. ती भीती खोटी नाही. पण मी भावाची एकी सांगत नाही, हिशोबाची सांगतोय. भाव ज्याचा त्याने ठरवावा.

म्हणून आपल्या बाजारातल्या दहा जणांनी एवढंच करा. पैसे घरात नको, गटाच्या नावाने बँकेत, दोघांच्या सहीने. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. कोणी किती घेतलं, किती फेडलं, नावासकट. वही सांभाळणाऱ्याने त्या वर्षी कर्ज घ्यायचं नाही. लाज वाटेल, वाटू द्या. आज मोठ्याने वाचलं तर उद्या भांडायची वेळ येत नाही.

हायवे गिऱ्हाईक दारापर्यंत आणतो. भरवसा मात्र आपल्यालाच बांधावा लागतो.

तुमच्या भिशीची वही शेवटची कधी मोठ्याने वाचली? खाली लिहा. पुढच्या व्हिडिओत वही कशी मांडायची ते दाखवतो.