डासांना औषधाची सवय होते का?

"डॉक्टर, डासांना आता औषधाची सवय झालीय," हे वाक्य साक्रीत दर पावसाळ्यात ऐकतो. सवय एका डासाला होत नाही, बदलते ती पिढी.

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही औषधे डासाच्या मज्जातंतूतील सोडियमच्या दारावर काम करतात. त्या दाराच्या जनुकात एक छोटा बदल झाला, 1014 व्या जागी ल्युसिनऐवजी फेनिलअलॅनिन आले, की औषध तिथे नीट बसत नाही. असे मोजके डास आधीपासूनच असतात. फवारणीत बाकीचे मरतात, हे उरतात आणि पुढची पिलावळ त्यांचीच. डीडीटीही याच दारावर काम करते, म्हणून एकाला दाद न देणारा डास बऱ्याचदा दुसऱ्यालाही देत नाही. मलेरियाच्या ॲनोफिलीस क्युलिसिफेसीसमध्ये डीडीटीचा प्रतिकार 1959 च्या सुमारास पंचमहालात दिसला. तेव्हा पंचमहाल आणि आपण एकाच मुंबई राज्यात होतो!

आता कपाशीवर मारतो त्याच गटातले औषध आपण घरातही मारतो. शेतातले पाणी ओहोळात उतरते आणि अळ्या तिथेच वाढतात.

माझे मत स्पष्ट आहे: धुराची गाडी मागण्याआधी इथल्या डासांची चाचणी मागा. औषध लावलेल्या कागदाशी तासभर ठेवून 24 तासांनी मोजतात. शंभरात नव्वदपेक्षा कमी मेले, तर औषध बदलायला हवे.

तोवर कुलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करा, पण घासूनच. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या भिंतीलाही चिकटून राहतात.