संदर्भ म्हणे सगळं शिकवतो!

इंग्रजी शिकायचीय? मग व्याकरण जाळा, शब्दकोश माळ्यावर टाका आणि मालिका बघत बसा; शब्द संदर्भातून आपोआप कळतील, वाक्यरचना कानातून जिभेवर उतरेल. असं एक विद्वान हल्ली व्याख्यानांतून सांगत फिरतात. पुरावा? तान्हं मूल कुठे व्याकरण शिकतं! टाळ्या पडतात. पालकही खूश, कारण पोराच्या हातातला मोबाइल आता अभ्यासात जमा.

तान्ह्या मुलाचं एका वाक्यात उरकू: त्याला अख्खं घर दिवसभर शिकवत असतं, मराठी शाळेतल्या पोराला इंग्रजीचा रोज एक तास मिळतो, आणि त्यातलाही थोडा हजेरीत जातो.

खरी गोम पुढे आहे. अडलेल्या शब्दाचा अर्थ भोवतालच्या शब्दांवरून ताडायचा, तर ते भोवतालचे शब्द आधी ओळखीचे नकोत का? हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली हे तपासलं. कुणाच्या मदतीविना गोष्ट नीट समजायला तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द येत असावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे पन्नासांत अनोळखी एकच. आता तालुक्याच्या गावातल्या आठवीच्या मुलापुढे इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख ठेवा. एक शब्द अडला म्हणून शेजारी बघावं, तर शेजारीही अडलेलाच! कुणी कुणाचा अर्थ लावायचा? बरं, अंदाज चुकला तरी कुणी सांगत नाही; तोच चुकीचा अर्थ पोरगं पुढच्या वाक्यातही रेटून बसवतं. थोडक्यात, ज्याला इंग्रजी येते त्यालाच संदर्भ इंग्रजी शिकवतो. व्याख्यात्यांना तो शिकवतो यात नवल नाही. त्यांचा पाया कुण्या मास्तरांनी छडी घेऊन घालून दिला होता, एवढंच ते विसरले.

अशा विचारांची मंडळी एकेकाळी मराठीतून इंग्रजी शिकवणाऱ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेला हसत. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली तेव्हा ‘लवकर कानावर पडली की झालं’ म्हणत. कानावर पडली; झालं काय, ते सांगायला कुणी फिरकलं नाही.

व्याकरणाचं तर विचारूच नका. वाक्यात ‘यस्टरडे’ आलं की भूतकाळ कळला; क्रियापदाच्या शेवटच्या ‘एड’कडे पोरगं कान कशाला देईल? ‘अ’ आणि ‘द’ यांना मराठीत जोडच नाही, ते गाळूनही अर्थ पोचतो. कॅनडात फ्रेंच माध्यमातून वर्षानुवर्षं शिकलेली इंग्रजीभाषक मुलं फ्रेंच उत्तम समजत, पण बोलता-लिहिताना व्याकरणात अडखळत, हे मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्येच दाखवलं. समजणं आणि येणं यांत अंतर राहतंच.

मग करायचं काय? पानावर दोन-चारच शब्द अडतील इतकं सोपं पुस्तक द्या. अंदाज बांधू द्या, पण तो शब्दकोशात ताडून बघायला लावा. खटकलेला नियम मराठीतून पाच मिनिटांत सांगा आणि त्यावर मुलाकडून स्वतःची चार वाक्यं लिहून घ्या. संदर्भ हवाच, पण मास्तरांच्या हाताखाली. यात टाळ्या नाहीत. वह्या तपासाव्या लागतात.