दोष गावाचा की राउटरचा?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मुद्दा मात्र नीट वाचा!

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो होतो. घर म्हणजे धनज, तालुका कारंजा, जिल्हा वाशीम. वरच्या खोलीतल्या पीसीवर गेम सुरू करायचा आणि खाली बसून मूनलाइटने मोबाईलवर खेळायचा, असा बेत. पण चित्र सारखं अडकायचं, बटण दाबलं की गाडी उशिरा वळायची. मी वैतागून म्हणालो, "हे खेड्यातलं नेट असंच!" बाबा पेपर वाचत होते. म्हणाले, "मंग बाहेरची तार काढून पाह्य ना एकदा."

काढली. गेम चालूच राहिला, आणि तसाच अडकत राहिला!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा गेम इंटरनेटवरून येतच नव्हता. पीसी ते राउटर, राउटर ते मोबाईल, एवढाच त्याचा प्रवास. म्हणजे दोष घरातलाच. पीसीवरून राउटरला पिंग केलं, तर आकडा मधूनच ८० मिलिसेकंदांवर! सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद. मग अडकणार नाही तर काय?

सेटिंगचं पान उघडलं. ५ गिगाहर्ट्‌झ बंदच होतं. पीसी आणि मोबाईल दोन्ही २.४ वर, त्यात चॅनेलची रुंदी ४०. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, तेही रुंदी २० ठेवली तर. शिवाय पीसीही वायरलेस, म्हणजे प्रत्येक चित्र त्याच हवेतून दोनदा जाणार. पीसीला लॅन केबल लावली, मोबाईल ५ वर घेतला, २.४ ची रुंदी २० केली. ५ ची लहर भिंतीत लवकर दमते, म्हणून राउटर जिन्यापाशी आणला. गेम सुरळीत!

असो. प्रश्न गेमचा नाही. नेटवर्क्सचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झालोय, ओएसआयचे ७ थर झोपेतही सांगेन. पण राउटरचं पान आयुष्यात पहिल्यांदा उघडलं, तेही गावाला नावं ठेवून झाल्यावर. आधी तपासून बघ, हे सांगितलं ते हा विषय कधीच न शिकलेल्या बाबांनी! सरांना विनंती, एक प्रॅक्टिकल खऱ्या राउटरवर घ्या. आणि होस्टेलकरांनो, "नेट बेकार आहे" म्हणण्याआधी एकदा पिंग करा. दोष बाहेरचा असेलही. पण न तपासता गावाला नाहीतर वॉर्डनला बोल लावणं इंजिनीअरला शोभतं का?