आबरफॅनचा हिशेब

वेल्सचे जॉर्ज थॉमस यांचे गौरवकर्ते त्यांच्या आयुष्याची चढती कमान तेवढी दाखवतात. जन्म १९०९, बालपण टोनीपँडीच्या खाणकामगारांत, वडील सोडून गेलेले, घर आईने सावरलेले. पुढे शाळामास्तर, १९४५ साली मजूर पक्षाचे खासदार, १९७६ ते १९८३ कॉमन्स सभागृहाचे सभापती आणि शेवटी उमराव! या कमानीखाली दडलेला एक हिशेब मात्र समाजवाद्यांनी विसरता कामा नये.

२१ ऑक्टोबर १९६६ रोजी आबरफॅन गावातील शाळेवर खाणीच्या टाकाऊ मालाचा डोंगर कोसळला. १४४ जीव गेले. त्यांत ११६ मुले होती. दोष राष्ट्रीय कोळसा मंडळाचा, असा निर्वाळा चौकशी न्यायाधिकरणाने १९६७ साली दिला. तरीही एकाही अधिकाऱ्याची नोकरी गेली नाही.

उरलेले ढीग हलवा, ही गावकऱ्यांची मागणी. मंडळ सारा खर्च सोसण्यास राजी नव्हते. तेव्हा १९६८ साली वेल्सचे मंत्री असलेल्या थॉमस यांनी तोड काढली ती अशी : आपद्ग्रस्तांसाठी लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घ्यावेत. ज्यांची मुले गाडली गेली, त्यांनीच ढिगारा उपसण्याची मजुरी भरावी! मर्थरचे वृद्ध खासदार एस. ओ. डेव्हिस यांनी याला विरोध केला. १९७० साली वयाचे कारण देऊन पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली. मतदारांनी त्यांनाच अपक्ष म्हणून निवडून दिले.

१९६७ साली पौंडाचे अवमूल्यन झाले, तिजोरीवर ताण होता, हा बचाव लटका आहे. धोका ज्याने निर्माण केला, निवारणाचा खर्च त्याचाच. हे अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र होय. खाजगी मालकाने असे केले असते, तर थॉमस यांच्याच पक्षाने त्यास शोषण म्हटले असते. मग मालक सरकार असले की शोषणाची सेवा होते काय?

१९९७ साली मजूर सरकारने दीड लाख परत केले, तेही बिनव्याजी. तीन दशकांच्या महागाईने त्यांचे मोल केव्हाच खाल्ले होते. २००७ साली वेल्सच्या सरकारने आणखी १५ लाख दिले. चूक कबूल व्हायला चाळीस वर्षे लागली.

१९४७ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा खाणकामगारांनी आनंद साजरा केला होता. मालकी बदलली, पण हिशेब मागण्याचा अधिकार गावाच्या हाती आला नाही. तो येत नाही तोवर राष्ट्रीयीकरण म्हणजे केवळ पाटी बदलणे. नेता खाणवस्तीतून आला, एवढ्यावर कार्यकर्त्यांनी समाधान मानू नये. सत्तेच्या खुर्चीत बसल्यावर तो बिल कोणाच्या नावे फाडतो, ते पाहावे.