मुलांच्या वाट्याची वीस मिनिटे

१९८४ साली दोन ठिकाणी दोन पाळणे हलले. जानेवारीत पुण्यात 'बालचित्रवाणी' जन्माला आली आणि सप्टेंबरात ब्रिटनमध्ये 'द चिल्ड्रन्स चॅनेल' ही केवळ मुलांसाठी असलेली वाहिनी सुरू झाली. एक सरकारी, दुसरी खासगी; दोघींना एकमेकींची खबरबात असण्याचे कारण नव्हते. आज दोन्ही नाहीत. तिकडची १९९८ मध्ये बंद पडली, इकडची २०१७ मध्ये. तिकडच्या मुलांचे त्यावाचून फारसे अडले नाही. आपल्या मुलांचे मात्र अडले, आणि त्याची खंत कुणाला वाटल्याचे दिसत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी आयुष्यभर बँकेत ताळेबंद वाचले. त्यामुळे एखादी संस्था बुडाली की माझी नजर आधी जमेच्या बाजूकडे जाते. ब्रिटनमध्ये त्याच १९९८ च्या नोव्हेंबरात 'कार्लटन किड्स' नावाची आणखी एक वाहिनी निघाली. 'ऑनडिजिटल' या नव्या सशुल्क सेवेवर ती दिसत असे. २००० साल उजाडले आणि तिने गाशा गुंडाळला. दीड वर्षाचेही आयुष्य लाभले नाही. २००२ मध्ये तर ती सेवाच नाव बदलून दिवाळ्यात निघाली. आयटीव्हीची 'सीआयटीव्ही' २००६ मध्ये आली आणि २०२३ मध्ये गेली. मुलांना चमचमीत खाऊच्या जाहिराती दाखवण्यावर तिकडे निर्बंध आले तेव्हा खासगी वाहिन्यांचा या धंद्यातला रस कसा आटला, हे पाहण्यासारखे आहे. बीबीसीने २००२ च्या फेब्रुवारीत काढलेल्या दोन बालवाहिन्यांनी मात्र विशी ओलांडली. कारण सरळ आहे. त्यांच्या जमेच्या बाजूला जाहिरात नव्हती, घरटी भरले जाणारे परवाना शुल्क होते. आपल्याकडेही टीव्हीचा परवाना ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत पोस्टात पैसे भरून घ्यावा लागे, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल.

बालचित्रवाणीच्या मागेही असाच सार्वजनिक पैसा होता. १९८३ च्या ऑगस्टमध्ये 'इन्सॅट-१ बी' अवकाशात गेला आणि त्याच्या आधारे शैक्षणिक कार्यक्रम करण्यासाठी सहा राज्यांत संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला आली ती ही पुण्याची. पाच ते आठ आणि नऊ ते अकरा या वयोगटांतील मुलांसाठी वीस-वीस मिनिटांचे कार्यक्रम. वेळ सकाळची, शाळेची. शाळेत टीव्ही असेल तर वर्गाने एकत्र पाहावे, अशी कल्पना.

कल्पना आणि व्यवहार यांत अंतर असतेच. नव्वदीच्या सुरुवातीला मी पनवेलपलीकडच्या एका शाखेत होतो. तिथे पगाराच्या कामासाठी येणारे एक मुख्याध्यापक सांगत, "साहेब, टीव्ही आहे, पण कपाटात कुलूपबंद. चोरीला गेला तर वसुली माझ्या पगारातून!" कुलूप उघडले तर वीज नाही, वीज असली तर त्या दिवशी तपासणी. कार्यक्रमही सगळेच काही बहारीचे नसत. एखाद्या ताई नखे कापण्याचे महत्त्व इतक्या चिकाटीने सांगत, की पाहणाऱ्याने नखे खायला सुरुवात करावी.

पण माझी मुलगी दुपारच्या शाळेत होती आणि वाशीच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळी तो टीव्ही लागे. स्वयंपाकघरात जाता-येता आम्हीही पाहत असू. पडद्यावर तेल लावून भांग पाडलेली मुले असत. ती अंगणात लगोरी मांडत, विहिरीत डोकावत, पानाची पिपाणी करत. माझी मुलगी नवी मुंबईत वाढत होती. तिथे तेव्हा झाडांपेक्षा सिडकोचे फलक जास्त होते. तिला विहीर भेटली ती त्या पडद्यावर, आणि विहीर, रहाट, पोहरा हे शब्दही तिथेच भेटले. आपल्यासारखी दिसणारी, आपल्यासारखी बोलणारी मुले टीव्हीत असू शकतात, हे तिने गृहीत धरले होते. मुंबई दूरदर्शनच्या 'किलबिल'नेही तिची तशीच समजूत करून दिली होती.

मग केबल आली. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आले, आधी इंग्रजीत आणि काही वर्षांनी हिंदीत. २००४ मध्ये पोगो आणि हंगामा या वाहिन्या आल्या, त्याच वर्षाअखेरीस डिस्नेही आला. जपानचा निळा मांजरोबा डोरेमॉन हिंदीतून घराघरात शिरला. माझा त्याच्याशी काही वाद नाही. गुणी प्राणी आहे. पण याच काळात आमच्या सोसायटीच्या आवारात काय झाले ते मी गॅलरीतून पाहिले आहे. आमच्या इमारतीत तमिळ, मल्याळी, गुजराती, आगरी, कोकणी, वऱ्हाडी अशी सगळी कुटुंबे. घरात सहा बोली आणि खाली खेळताना एकच भाषा, टीव्हीची. मुलांनी एकमेकांशी हिंदी बोलावे यात गैर काय? काहीच नाही. पण तमिळ मुलासाठी २००७ मध्ये सन टीव्हीने 'चुट्टी टीव्ही' काढला आणि पाठोपाठ त्याच घराण्याने तेलुगू, कन्नड, मल्याळी मुलांचीही सोय केली. ते मूल वर घरी गेले की आपल्या भाषेत हसू शकत होते. मराठी मूल वर जाऊनही हिंदीतच हसत होते.

आमचा नातू "आजोबा, माझी मदत करा ना" म्हणतो. 'मला मदत करा' असे मी दुरुस्त करून देतो. तो मान डोलावतो आणि पुन्हा तेच म्हणतो, कारण दिवसातून दहा वेळा तो ते ऐकतो आणि माझे एकदाच.

मराठी खासगी वाहिन्या १९९९ पासून धडाधड आल्या. त्यांतल्या एकाही घराण्याला मुलांसाठी वेगळी मराठी वाहिनी काढावीशी वाटली नाही. मुले पडद्यावर आली, नाही असे नाही. 'लिटिल चॅम्प्स'ने २००८-०९ मध्ये सारा महाराष्ट्र टीव्हीपुढे बसवला. पण ती मुले मोठ्यांची गाणी मोठ्यांसाठी गात होती, आणि एसएमएस मोठे पाठवत होते. अखेर मराठीसह अनेक भाषांत बालवाहिन्या आणल्या त्या २०२१ मध्ये हैदराबादच्या 'ईटीव्ही बाल भारत'ने. म्हणजे आमच्या मुलांसाठी मराठी बोलण्याची बुद्धीही हैदराबादहून यावी लागली! त्यांचे आभार मानू. पण चित्र एक आणि आवाज दहा-बारा, या पद्धतीत चित्रातले अंगण कुणाचेच नसते.

इकडे बालचित्रवाणीचे काय चालले होते? बुडणाऱ्या खात्याची लक्षणे बँकेतल्या माणसाला लांबून कळतात. केंद्राने हात आखडता घेतला, भार राज्यावर आला. राज्याने तो उचलताही येईना आणि टाकताही येईना असे केले. मग कर्मचाऱ्यांचे पगार रखडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ज्यांनी हजारो कार्यक्रम केले, त्यांना काम नाही म्हणून नावे ठेवायची आणि काम करायला पैसे द्यायचे नाहीत, हा आपल्याकडचा संस्था मारण्याचा रूढ मार्ग आहे. रक्त सांडत नाही. २०१७ मध्ये सरकारने ती बंद केली. आता जग संगणकाचे आहे, मोबाइलचे आहे, असा युक्तिवाद तेव्हा ऐकू येत होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता.

पण तीनच वर्षे गेली. २०२० च्या मार्चमध्ये शाळांना टाळे लागले. ज्या घरात एकच मोबाइल आणि तो घेऊन बाप कामावर, त्या घरातल्या मुलाने शिकायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला आणि सगळ्यांना टीव्ही आठवला. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. ती केली एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनने, पुण्यातल्याच. चांगली केली. मुले आणि पालक घरातल्या वस्तू घेऊन शिकताना दिसत. ती पाहताना मला राहून राहून वाटे, की नेमके हेच काम शिकलेली, यात केस पांढरे केलेली माणसे आपण तीन वर्षांपूर्वी घरी पाठवली होती. चालू खाते बंद करून टाकायचे आणि गरज पडली की शेजाऱ्याच्या खात्यातून उचल घ्यायची, याला काटकसर म्हणत नाहीत.

मी नव्या वाहिनीची मागणी करत नाही. ती काढायला सरकार एक समिती नेमेल आणि समितीचे अहवाल मुले पाहत नाहीत. सह्याद्री वाहिनी आहे, तिच्यावर रोज वीस मिनिटे द्या. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी, मराठीत विचार करून लिहिलेली, नव्या मुलांना घेऊन केलेली. त्यात आगरी बोलणारे मूल असावे आणि झाडीबोली बोलणारेही. खर्च राज्याच्या शिक्षण खात्याने उचलावा आणि मधे जाहिरात नको. नवे तयार होईपर्यंत बालचित्रवाणीच्या जुन्या फितींतले निवडक कार्यक्रम लावा. लोकांच्या पैशांतून झालेले ते काम आहे, घरबसल्या कुणालाही फुकट पाहता आले पाहिजे. रंग उडाले असतील, आवाज खरखरेल, चालेल. आणि वेळ सकाळची नको. संध्याकाळी सातची द्या, मालिकांच्या आधीची, म्हणजे आजीच्या हातातला रिमोट तेवढी वीस मिनिटे तरी नातवाकडे राहील.