दरबारी आणि डुलकी

झोप येत नाही, असं चारचौघांत कधी म्हणू नये. मी म्हणालो. तेव्हापासून जायफळ, गरम दूध आणि तळपायाला खोबरेल तेल यांच्या जोडीला जो तो एक नवं औषध सुचवतो आहे : "रात्री दरबारी लावा. अर्ध्या तासात घोरायला लागाल!"

दरबारी! अहो, ज्या रागाच्या आंदोलित गंधारासाठी आम्ही जन्मभर जागलो, तो आता झोपेची गोळी?

शास्त्राशी माझं भांडण नाही. झोप न येणाऱ्या प्रौढांना संगीत ऐकवल्याचे १३ प्रयोग कॉक्रेनच्या मंडळींनी २०२२ साली एकत्र तपासले. माणसं १,००७. रोज २५ मिनिटं ते तासभर ऐकायचं. कुणी तीन दिवस, कुणी तीन महिने. झोप सुधारली, असं त्या माणसांनी स्वतःच सांगितलं. सुधारली असेल. (आमचे शेजारी भाषणातही झोपतात, पण त्याला कुणी उपचार म्हणत नाही.)

माझा झगडा आहे तो 'कुठलंही शास्त्रीय लावा' म्हणणाऱ्यांशी. या लोकांनी ख्याल कधी शेवटपर्यंत ऐकलेला नाही, हे मी स्टँपपेपरवर लिहून देतो. विलंबित एकताल सुरू होतो, डोळे जडावतात, उशी नेमकी मानेखाली बसते, आणि तेवढ्यात गवई लय वाढवतो. मग बोलताना, मग ताना, मग द्रुत, आणि वर तराणा! तबलजी तर आपल्या छातीवर बसूनच वाजवतोय असं वाटतं.

अंगाईचं तसं नाही. चार सूर, तेच ते, त्याच हेलानं. पुढं काय होणार ही उत्सुकताच नाही. आजीनं नातवाला तान घेऊन झोपवल्याचं कुणी ऐकलंय?

सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा तेव्हा भारतीय बैठकीवर शाली पांघरून झोपणारे पुष्कळ असत, हे कबूल. मीही त्यातलाच. पण ती झोप कचेरीनं दिलेली होती. तिचं श्रेय गवयाला देऊन त्याचा अपमान करू नका.

शेवटी सूनबाईनं तोडगा काढला. "बाबा, गाणं नकोच," म्हणाली, आणि मोबाइलवर नुसता तानपुरा लावून दिला. पहिली दहा मिनिटं मी गवई यायची वाट पाहिली. तो आलाच नसावा. दूधवाल्यानं बेल वाजवली तेव्हा सहा वाजले होते, आणि षड्ज-पंचम अजून चालूच होते.