ॲस्पिरिन : शेजाऱ्याची गोळी आपली नव्हे!

शेजाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी त्याला ॲस्पिरिन सुरू केली. हे ऐकून गल्लीतल्या चौघांनी मेडिकलमधून तीच पट्टी आणली. गोळी स्वस्त, चिठ्ठी कोणी विचारत नाही, मग घेतली तर बिघडले कुठे? बिघडते, आणि कधी कधी जिवावर बेतते. म्हणून हा विषय.

ॲस्पिरिन हे वाईट औषध नाही. रक्तातील प्लेटलेट पेशी एकमेकींना चिकटून गुठळी होते. ही गोळी ते चिकटणे रोखते. १९८८ साली 'आयसिस-२' या चाचणीचे निष्कर्ष आले. झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांच्या या चाचणीत, ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू पाच आठवड्यांत २३ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा ज्यांना झटका येऊन गेला, स्टेंट बसला किंवा बायपास झाली, त्यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. तो जिवाशी खेळ ठरेल.

परंतु जी गोळी गुठळी होऊ देत नाही, ती रक्तस्रावही लवकर थांबू देत नाही. पोटात व्रण होतो, क्वचित मेंदूतही रक्तस्राव होतो. २०१८ च्या 'ॲसेंड' चाचणीत हृदयविकार नसलेले १५,४८० मधुमेही होते. सुमारे सात वर्षांत ॲस्पिरिनमुळे दर हजारी ११ जणांचा झटका वा तत्सम आजार टळला; पण ९ जणांना जास्तीचा गंभीर रक्तस्राव झाला. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले! त्याच वर्षीच्या 'ॲस्प्री' चाचणीत निरोगी वृद्धांना फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. म्हणूनच २०२२ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने साठीनंतर केवळ प्रतिबंध म्हणून ही गोळी सुरू करू नका, असे सांगितले.

आणखी काही गोष्टी घरात सर्वांना ठाऊक हव्यात. डेंग्यूची शंका असेल तर तापात ॲस्पिरिन घेऊ नये. लहान मुलांना ती स्वतःहून देऊ नये. पक्षाघात झाल्यास स्कॅनआधी देऊ नये. कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही. गोळी चालू असताना शौचास डांबरासारखी काळी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

प्रश्न केवळ अडाणीपणाचा नाही. ज्याला तपासायला डॉक्टर मिळत नाही, तो शेजाऱ्यालाच डॉक्टर करतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांची नियमित तपासणी आणि गोळी का दिली हे समजावून सांगणारा डॉक्टर प्रत्येक वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यात मिळालाच पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. तो मागताना आपणही तंबाखू-बिडी सोडावी, रक्तदाब मोजून घ्यावा आणि गोळी तोंडात टाकण्यापूर्वी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा : ही मला कशासाठी?